जाजरकोटच्या थंडीसाठी नाशिकहून: एका मदतफेरीचं प्रकरण

हे प्रकरण नाशिकमधल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे चर्चचं, आहे. माणसांची नावं दिलेली नाहीत, नेपाळातल्या गावाची खूण पटेल असे तपशील बदलले आहेत. रकमा मात्र हिशेबाच्या वहीतल्याच आहेत, फक्त पूर्णांकात आणल्या आहेत. सामाजिक कामासाठी बाहेरगावी, त्यातही देशाबाहेर जाऊ पाहणाऱ्या छोट्या गटांना त्यातलं काही उपयोगी पडावं म्हणून ते सविस्तर मांडलं आहे.

पार्श्वभूमी

३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री पावणेबाराच्या सुमारास पश्चिम नेपाळात भूकंप झाला. नेपाळच्या भूकंपमापन केंद्राने त्याची तीव्रता ६.४ नोंदवली. जाजरकोट आणि पश्चिम रुकुम या दोन डोंगरी जिल्ह्यांत दीडशेहून जास्त माणसं गेली. घरं दगड-मातीची, वेळ झोपेची. जी वाचली ती ताडपत्रीखाली आली, आणि पुढ्यात डिसेंबर-जानेवारी होता.

ही बातमी नाशिकमध्ये पेपरच्या आतल्या पानावरच राहिली असती. पण गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलातला आचारी जाजरकोटचा होता. दर रविवारी तो उपासनेला मागच्या बाकावर बसायचा आणि भक्ती संपली की कुणाशी न बोलता कामावर पळायचा. त्या रविवारी तो थांबला. भावाचं घर पडलं होतं, वहिनी आणि तीन मुलं शेतात पालाखाली होती. त्याला घरी जायला उसने पैसे हवे होते. मागितलं त्याने एवढंच.

पैसे त्याला त्याच दिवशी मिळाले. पण गोष्ट तिथे थांबली नाही. पुढच्या आठवड्यात मंडळीचा हंगामाचा सण होता. दरवर्षीप्रमाणे लिलाव झाला, आणि यंदाची रक्कम नेपाळला द्यायची असं कुणीतरी माइकवरून जाहीर केलं. मग काय, एक लाल भोपळा चारदा विकला गेला. घेणारा तो परत अर्पण करायचा, की पुन्हा बोली. कोंबडा, कांद्याची गोणी, महिला मंडळाचे केक मिळून सव्वा लाखाच्या वर रक्कम जमली आणि ती रीतसर मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यात भरली गेली. हे वाक्य लक्षात ठेवावं. पुढचा अर्धा पेच त्यातून निघाला.

पेच

तरुण संघाने आठ दिवसांत योजना मांडली. अकरा जण जायचं, नाताळच्या आधी पोहोचायचं, सोबत ट्रकभर गरम कपडे, गावात गाणी आणि नेपाळी भाषेतले 'नवे करार', म्हणजे बायबलच्या उत्तरार्धाची पुस्तकं. पॅरिश हॉलमध्ये कपडे गोळा करायला सुरुवातही झाली. दोन रविवारांत हॉलचा अर्धा भाग भरला. महिला मंडळाने निवडायला घेतलं तेव्हा त्यात निघालं काय? सिंथेटिक साड्या, शाळेचे गणवेश, एक जरीची शेरवानी, लहान बाळाची झबली, आणि कामाचे म्हणावेत असे स्वेटर जेमतेम दोन पोती.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या बैठकीत तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकले होते. पैसा देशाबाहेर न्यायचा कसा? तिथे नक्की काय द्यायचं? आणि ते मंडळी म्हणून द्यायचं की साधी माणसं म्हणून? बैठकीत तिन्ही एकदम बोलले गेले आणि त्यामुळे पहिल्या बैठकीत काहीच ठरलं नाही.

त्यात मंडळीच्या एका वडिलांनी (एल्डरनी) चौथा प्रश्न टाकला. "आपल्या पेठ-सुरगाण्यात थंडी नाही का? तिथल्या पाड्यावरची पोरं शाळेत उघड्या अंगानं बसतात. त्यांना ओलांडून नेपाळ?" यावर दुसऱ्या एका सदस्याने शरणपूरचा, म्हणजे नाशिकमधल्या जुन्या मिशनवस्तीचा, इतिहास काढला. आफ्रिकेतल्या गुलामगिरीतून सोडवलेली मुलं नाशिकच्या मिशनशाळेत शिकली, त्यांतला जेकब वेनराइट आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनचा देह घेऊन किनाऱ्यापर्यंत चालत आला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला हजर राहिला. तेव्हा नाशिकच्या मंडळींनी परमुलखात पाय ठेवणं काही नवं नाही, असं त्यांचं म्हणणं. सभेला ते आवडलं. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यात नव्हतं, आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

पैशाची वाट

खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. नाशिकच्याच कॅनडा कॉर्नर भागातल्या एका सीएंशी बोलून ते दुसऱ्या बैठकीला आले आणि म्हणाले, "ट्रस्टच्या खात्यातला एक रुपया सीमेपलीकडे जाणार नाही." तरुण संघाला हा अडवणुकीचा प्रकार वाटला. खजिनदारांचं कारण मात्र साधं होतं. त्या वेळच्या, म्हणजे १९६१ च्या, आयकर कायद्याच्या कलम ११ प्रमाणे धर्मादाय ट्रस्टला मिळणारी करसवलत भारतात खर्च केलेल्या उत्पन्नावर होती. भारताबाहेरचा खर्च त्यात धरायचा तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागत होती, आणि ती काही पंधरा दिवसांत येणारी गोष्ट नव्हती. शिवाय ट्रस्टच्या घटनेतल्या उद्दिष्टांत परदेशातलं मदतकार्य नव्हतं, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडेही उत्तर द्यावं लागलं असतं. एफसीआरएचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, पण तो कायदा परदेशातून येणाऱ्या पैशाचा. इथे पैसा उलट्या दिशेने निघाला होता.

मग नेपाळला पैसे पाठवण्याची बँकेची सोय पुढे आली. २००८ पासून भारतातून नेपाळात एनईएफटीने रुपये पाठवता येतात, आणि २०२१ मध्ये एका वेळची मर्यादा पन्नास हजारांवरून दोन लाखांवर गेली. पण ती सोय इथे राबणाऱ्या नेपाळी माणसाने घरी पैसे पाठवावेत यासाठी आहे. आचाऱ्याच्या नावावर मंडळीचे पैसे घालून ते पाठवायचे, ही कल्पना दोघांनी मांडली. खजिनदारांनी ती ऐकूनही घेतली नाही. मला त्यांचं बरोबर वाटतं. पंधरा हजार पगाराच्या माणसाच्या खात्यातून लाखांच्या रकमा गेल्या असत्या आणि उद्या चौकशी आली असती, तर ती त्याच्या दारात.

शेवटी ठरलं ते असं. लिलावाची रक्कम ट्रस्टमध्येच राहील आणि तिचे स्वेटर-ब्लँकेट पेठ तालुक्यातल्या दोन आश्रमशाळांना जातील. वडिलांच्या प्रश्नाला असं आपोआप उत्तर मिळालं, जरी ते मनाच्या मोठेपणातून नव्हे, आयकराच्या कलमातून आलं. नेपाळसाठी ज्याला द्यायचं त्याने जाणाऱ्या माणसांच्या हाती वैयक्तिक द्यावं, पावती मिळणार नाही, देणगीवरची ८०जी करसवलत मिळणार नाही, हे उपासनेत स्पष्ट सांगितलं गेलं. लोक कमी देतील अशी भीती होती. तीन रविवारांत चार लाख ऐंशी हजार जमले.

हे पैसे न्यायचे कसे, तर शंभराच्या नोटांत. त्या वेळी नेपाळात शंभरावरच्या भारतीय नोटा चालत नव्हत्या. २०१८ च्या अखेरीस नेपाळ सरकारने त्यांच्यावर बंदी घातली होती. शंभरापर्यंतच्या नोटा नेण्यावर आपल्या बाजूने रकमेची मर्यादा नाही. यूपीआय नेपाळच्या दुकानांत सुरू झालं ते मार्च २०२४ मध्ये, म्हणजे नाशिकचे लोक परत आल्यावर. त्यामुळे खजिनदार दोन आठवडे ओळखीच्या शाखांत फिरून शंभराची बंडलं गोळा करत होते. अठ्ठेचाळीस बंडलं. शाळेच्या चार दप्तरांत बारा-बारा, वर चादर, आणि प्रत्येक दप्तरात देणगीदारांच्या सह्यांची यादी आणि सीएंचं पत्र. रुपईडिहाच्या सीमानाक्यावर सशस्त्र सीमा बलाच्या जवानाने दप्तर उघडायला लावलं तेव्हा ते पत्र कामी आलं.

ट्रक, पैसे की बाजार

तीन पर्याय होते. पहिला, नाशिकहून ट्रक. नाशिकमधल्याच द्वारका भागातल्या ट्रान्सपोर्टवाल्याने सीमेपर्यंतच्या चौदाशे किलोमीटरसाठी सांगितलेला आकडा गोळा झालेल्या कपड्यांच्या किमतीपेक्षा जास्त होता. पुढे निर्यातीची कागदपत्रं, नेपाळच्या जकातीवर माफीचं पत्र, क्लिअरिंग एजंट हे वेगळंच. शेरवानीसकट हॉलमधले कपडे नाशिकमध्येच एका संस्थेला दिले गेले. तरुण संघातल्या ज्या मुलींनी दोन रविवार घड्या घातल्या होत्या, त्या चिडल्या. त्यांचा राग रास्त होता, कारण गोळा करण्याआधी कुणी विचार केला नव्हता.

दुसरा पर्याय, थेट लोकांच्या हाती रोख. नेपाळ सरकार तात्पुरत्या निवाऱ्यासाठी प्रत्येक कुटुंबाला पंचवीस-पंचवीस हजारांच्या दोन हप्त्यांत पन्नास हजार नेपाळी रुपये देत होतं, म्हणजे आपले सव्वाएकतीस हजार. त्यात आणखी भर घालता आली असती. कमिटीने हा पर्याय पाच मिनिटांत निकालात काढला: "रोख दिली की दारूत जाते." हे वाक्य कुणी बोललं याची नोंद इतिवृत्तात नाही, पण कुणी खोडलंही नाही. भूकंपात घर गेलेल्या बाईला पत्रे घ्यायचे की गादी हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं, एवढा तरी युक्तिवाद कुणीतरी करायला हवा होता. या प्रकरणातला सगळ्यात घाईने घेतलेला निर्णय कोणता असं विचारलं तर मी याच्याकडे बोट दाखवेन.

तिसरा पर्याय, सीमेपलीकडे लगेच लागणाऱ्या नेपाळगंजच्या बाजारात विकत घ्यायचं. तेरा टक्के व्हॅट धरूनही ते स्वस्त पडत होतं, जकातीची कटकट नव्हती, आणि पैसा भूकंपग्रस्त भागाजवळच्या दुकानदाराकडे जाणार होता. हाच स्वीकारला.

काय घ्यायचं हे मात्र बैठकीत ठरलं नाही. ते आचाऱ्याच्या वहिनीशी झालेल्या फोनवर ठरलं. निवृत्त परिचारिका असलेल्या एका मावशींनी तो फोन लावायला लावला. ब्लँकेट किती हवीत असं विचारल्यावर पलीकडून उत्तर आलं की ब्लँकेट तीन आली आहेत, वेगवेगळ्या लोकांकडून. गारवा खालून येतो. जमिनीवर प्लास्टिक, त्यावर पराळ (भाताचा पेंढा), आणि रात्री ताडपत्रीच्या आतल्या बाजूला श्वासाचं पाणी साचून पहाटे अंगावर ठिबकतं. पराळ भिजलं की ब्लँकेटही भिजतं. मावशींनी वॉर्डात रात्रपाळ्या केलेल्या, त्यांना लगेच समजलं. दोन ब्लँकेटांऐवजी एक जाड दुहेरी ब्लँकेट आणि एक फोमची गादी, असा संच ठरला. ब्लँकेट अठराशे, गादी चौदाशे, मिळून बत्तीसशे नेपाळी रुपये. आपले दोन हजार, कारण शंभर भारतीय रुपयांना एकशेसाठ नेपाळी हा दर ठरलेलाच आहे.

कोण जाणार, काय बरोबर नेणार नाही

अकराचे चार झाले. मावशी, भद्रकालीत कापडाचा धंदा असलेले एक काका, तरुण संघाचा सचिव आणि आचारी. प्रवासखर्च प्रत्येकाचा स्वतःचा, आचाऱ्याचा इतर तिघांनी वाटून घेतला. अकरा जण गेले असते तर लखनौपर्यंत पुष्पक एक्सप्रेसची तिकिटं, तिथून पुढची गाडी, राहणं-खाणं धरून जवळपास पन्नास कुटुंबांच्या संचाचे पैसे वाटेतच संपले असते. हा हिशेब काकांनी फळ्यावर मांडला तेव्हा तरुण संघ गप्प बसला. पटला असं नाही, गप्प बसला.

खरी वादावादी नव्या करारांवरून झाली. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेचं कलम २६ दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं, आणि २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ मध्ये त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. सचिवाचं म्हणणं होतं की पुस्तक देणं म्हणजे धर्मांतर नव्हे. "आणि आपण काहीच बोलायचं नाही, तर मग तिथं कोण म्हणून जायचं?"

पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, कायद्याचा कीस पाडला नाही. नेपाळगंजच्या ज्या छोट्या मंडळीमार्फत हे सगळं चाललं होतं, तिच्या पाळकांना त्यांनी फोन केला होता. "आपण आठ दिवसांनी परत येऊ," ते म्हणाले, "ते तिथंच राहणार. तक्रार झाली तर पोलीस त्यांच्या घरी येतील. आणि समजा कुणीच आलं नाही, तरी ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याच्या एका हातात गादी आणि दुसऱ्या हातात पुस्तक द्यायचं, याला मी दान म्हणू शकत नाही." पुस्तकं नाहीत, गाणी नाहीत, बॅनर नाही, संचावर नाव नाही, आणि घेणाऱ्याचा फोटो नाही, असं पाच कलमी ठरलं. पाळकसाहेब स्वतःही गेले नाहीत. धर्मगुरू आला म्हटलं की चर्चा तिकडेच वळते, हे त्यांनीच सांगितलं.

यादी कुणाची?

या प्रकरणात सगळ्यात जास्त बिघडू शकलं असतं ते इथे. नेपाळगंजच्या पाळकांनी सुरुवातीला त्यांच्या ओळखीच्या विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती, कुटुंबांची यादी पाठवली, डोंगरभर पसरलेली साठेक घरं. त्यांच्या बाजूने पाहिलं तर यात वावगं काही नव्हतं. त्या कुटुंबांना सरकारी मदतीत मागे ठेवलं जातं असा त्यांचा अनुभव होता. पण एका वस्तीत चार घरांना गादी आणि शेजारच्या सहा घरांना नाही, हे चित्र काकांना पटेना. "गादी घेतली म्हणून उद्या त्या चार घरांना गावात काय ऐकावं लागेल?"

शिवाय भूकंपानंतर नेपाळ सरकारने मदतवाटप एकाच दारातून, म्हणजे प्रशासनामार्फत, व्हावं असं धोरण ठेवलं होतं. म्हणून एक वस्ती पूर्ण घ्यायची आणि वडा कार्यालयाच्या, म्हणजे आपल्याकडच्या वॉर्ड ऑफिससारख्या कार्यालयाच्या, निवारा-अनुदानाच्या यादीप्रमाणे वाटायचं असं ठरलं. यादीत एकशेशहाण्णव कुटुंबं. संच दोनशे दहा घ्यायचे, चौदा हातचे. पालिकेचं परवानगीपत्र यायला वेळ लागला, त्यामुळे नाताळच्या आधीचा बेत जानेवारीच्या मध्यावर गेला. गाड्या धुक्यात अडकल्या, सचिवाकडे फक्त आधार कार्ड होतं आणि सीमेवर त्याच्या वयाच्या माणसाला ते चालत नाही म्हणून श्रीरामपूरहून मतदार कार्ड मागवावं लागलं. अशा किरकोळ अडचणी आल्या आणि मिटल्या.

प्रत्यक्षात काय घडलं

नेपाळगंजच्या बाजारात काकांनी आपला धंदा कामी आणला. पहिल्या दुकानदाराने दाखवलेलं ब्लँकेट त्यांनी काट्यावर ठेवायला लावलं, मग कडेची शिवण उलटी करून बोटाने ओढली, धागा सुटला. तीन दुकानं फिरून चौथ्यात सौदा झाला, पक्क्या बिलावर. फोमच्या गाद्यांनी मात्र दगा दिला. वजन काही नाही, पण जागा एवढी खाल्ली की ठरवलेला छोटा ट्रक पुरेना. कोहलपूर, छिन्चू करत जाजरकोटचं मुख्यालय असलेल्या खलंग्याच्या दिशेने मोठा ट्रक आणि शेवटच्या चढावर ट्रॅक्टरच्या खेपा, असे साठ हजार नेपाळी रुपये वाहतुकीत गेले.

वाटप शाळेच्या पटांगणात झालं. यादीतली नावं दुपारपर्यंत संपली. आणि मग बाजूला उभी असलेली तेवीस कुटुंबं पुढे आली, जी यादीत नव्हती. काही वेगळे निघालेले भाऊ, ज्यांची चूल वेगळी पण कागदावर घर एकच. बाकीचे ओढ्यापलीकडच्या टोल्यातले, म्हणजे छोट्या वस्तीतले, लोहारकाम करणारे, ज्यांना तिकडे दलित म्हणून वेगळंच बसवलं जातं. त्यांची घरं कागदावर शेजारच्या वडात जातात असं वडाध्यक्षांनी सांगितलं. ओढा ओलांडायला दोन मिनिटं लागत होती. याच भागातल्या दलित तरुणांची २०२० च्या मे महिन्यात पश्चिम रुकुममधल्या सोती गावात हत्या झाली होती, जातीबाहेरच्या प्रेमावरून. सचिवाला ते आचाऱ्याने आदल्या रात्री सांगितलं होतं. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या गावकुसाबाहेरून आलेल्या घरातला तो मुलगा; त्याला यादीतला ओढा कसा पडला हे समजायला वेळ लागला नाही.

हातात चौदा संच, समोर तेवीस कुटुंबं. वडाध्यक्ष म्हणाले चिठ्ठ्या टाका. काका म्हणाले चिठ्ठ्या टाकल्या तर नऊ जण रिकाम्या हाताने सगळ्या गावादेखत जातील. मावशींनी संच फोडायला सांगितले. चौदा ब्लँकेटं आणि चौदा गाद्या म्हणजे अठ्ठावीस नग. प्रत्येक कुटुंबाला निदान एक, आणि उरलेल्या पाच गाद्या ज्यांच्याकडे तान्हं मूल किंवा आजारी म्हातारं माणूस आहे त्यांना. कुणाकडे काय गेलं हे सचिवाने शाळेच्या वहीत लिहून घेतलं, टोल्यातल्याच एका बाईला शेजारी बसवून. परतताना शिल्लक पैशांतून कोहलपूरला आणखी नऊ संच घेतले आणि आचारी ते घेऊन जीपने परत वर गेला. तेवीसही कुटुंबांचे संच पूर्ण झाले.

एक गोष्ट मात्र घशाखाली उतरली नाही. बॅनर नाही, नाव नाही, म्हणून वाटपाच्या शेवटी वडाध्यक्षांनी छोटं भाषण केलं आणि ही मदत आपल्या पक्षाच्या प्रयत्नांनी आल्याचं सांगितलं. सचिव उठायला निघाला होता, मावशींनी त्याचा हात धरला.

निकाल आणि नंतरचं

वाटपाच्या पातळीवर पाहिलं तर ठरवलं ते झालं, आणि यादीबाहेरचेही धरले गेले. सगळी बिलं पॅरिश हॉलच्या फलकावर लागली. घेणाऱ्यांचे फोटो नाहीत म्हणून काही देणगीदार नाराज झाले. एका कुटुंबाने पुढच्या वेळी देणार नाही असं कळवलं.

मार्चमध्ये आचाऱ्याच्या वहिनीकडून कळलं की गाद्या सगळ्यांच्या वापरात आहेत, पण बऱ्याच घरांनी ब्लँकेटं खलंग्याच्या बाजारात विकली आणि पत्रे घेतले. कमिटीत यावर तासभर बोलणं झालं. काहींना ही कृतघ्नता वाटली. खजिनदार म्हणाले, पाहुणा आहेरातली साडी बदलून घेतो तेव्हा आपण त्याच्यावर रागावतो का? वहिनीने नोव्हेंबरातच सांगितलं होतं की ब्लँकेटं तीन आहेत. ते अर्धंच ऐकलं गेलं: गादी वाढली, पण ब्लँकेट काही सुटलं नाही, कारण ब्लँकेटाशिवाय थंडीची मदत ही कल्पनाच कुणाला करवेना.

पुन्हा करायचं झालं तर

कमिटीने नंतर काही बदल लिहून ठेवले, त्यांतले तीन मला महत्त्वाचे वाटतात. पहिला यादीबद्दल. वडाची यादी घ्यावीच, पण सामान घेण्याआधी एका माणसाने ती घेऊन वस्तीतून पायी फिरावं आणि चुली मोजाव्यात. आचारी डिसेंबरमध्ये गावातच होता. हे काम त्याला सांगता आलं असतं. त्याला फक्त वाटाड्या समजलं गेलं, आणि त्याचं मत पहिल्यांदा विचारलं ते फोन लावायची वेळ आली तेव्हा.

दुसरा नावाबद्दल. नाव नको हे ठीक, पण कुणाचंच नाव नसलं की कुणीही आपलं लावतो. पालिकेला आधीच एक पत्र देऊन, ही मदत नाशिकमधल्या काही कुटुंबांनी वैयक्तिक दिली आहे, कोणत्याही पक्षाची किंवा संस्थेची नाही, असं वाटपाच्या सुरुवातीला वाचून दाखवायला सांगता आलं असतं. पाळकसाहेबांना हे मान्य आहे. सचिवाचं म्हणणं अजूनही वेगळं आहे: मंडळीचं नाव सांगण्यात लपवण्यासारखं काय होतं? यावर एकमत झालेलं नाही.

तिसरा रोखीबद्दल, आणि इथे कमिटी माझ्यापेक्षा सावध आहे. त्यांनी "पुढील वेळी वस्तूंऐवजी बांधकाम साहित्याचा विचार करावा" एवढंच लिहिलं. माझ्या मते पालिकेच्या देखरेखीखाली, अनुदानाच्या यादीप्रमाणे, कुटुंबामागे बत्तीसशे नेपाळी रुपये सही घेऊन देता आले असते, आणि ट्रक-ट्रॅक्टरचे साठ हजार वाचून आणखी अठरा-एकोणीस कुटुंबं धरता आली असती. त्यासाठी आधी जिल्हा प्रशासनाकडून लेखी विचारून घ्यावं लागलं असतं, आणि जोखीम कमी नव्हती. विचारलं मात्र गेलं नाही.

पेठच्या आश्रमशाळांना स्वेटर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचले. त्या खरेदीला काकांना कुणी बोलावलं नव्हतं. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमधून घाईत घेतले गेले आणि त्यातले तीसेक लहान मापाचे निघाले. ते बदलून घ्यायला फेब्रुवारी उजाडला. हे काम कुणी पाहायचं, यावर पुढच्या बैठकीत निर्णय व्हायचा आहे.